माईचं विमान

सांताक्रूझच्या विमानतळावर माई बाहेर आली ती हसतच. एका हातात नऊवारीचा ओचा, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. यशवंतराव कठड्यापाशी उभे होते. त्यांनी हात वर केला आणि तो खाली घ्यायचंच विसरले.

"काल आलंच नाही रे विमान!" जवळ येताच माई म्हणाली. "सगळी मिळून आम्ही आठ माणसं. तेवढ्यांसाठी उडवणं परवडत नाही म्हणे. तिथला बाबू म्हणाला, माताजी, कल पक्का. मग इंदुरातच ओळखीच्या इंदिराबाईंकडे राहिले."

यशवंतरावांनी पिशवी आपल्याकडे घेतली.

परवा धारला माई म्हणाली होती, "दोघं बसनंच जाऊ की. तू आहेस ना सोबतीला." त्यांनीच ऐकलं नव्हतं. माईची सत्तरी उलटलेली, पाठीचं दुखणं, त्यात रात्रभर बस, सेंधव्याचा घाट. आणि इकडे मुंबईच्या इस्पितळात धाकट्या भावाचा, अरविंदाचा भरवसा नव्हता. माईला तेवढं सांगितलं नव्हतं. आजारी आहे, तुला बोलावतोय, एवढंच. देवासच्या कारखान्यातल्या पगारात तिकीट एकच निघत होतं, ते माईचं काढलं. काल तिला इंदूरच्या विमानतळावर बसवून त्यांनी स्वतः बस धरली. माई संध्याकाळीच अरविंदापाशी पोचेल, या समाधानात त्यांना वाटेत झोपही लागली.

बस आज सकाळी वेळेवर पोचली. माई मात्र पोचली नव्हती; कालचं विमान आज येणार, एवढंच विमानतळावरून कळलं होतं.

अरविंद शुद्धीवर होता. दाराकडेच बघत होता. दादाच्या मागे कुणी नाही हे दिसल्यावर त्यानं विचारलं, "माई?"

"येतेय. विमानानं येतेय."

अरविंदाच्या ओठांवर हसू आलं. "आपली माई? विमानानं?"

दुपारी तो गेला. शैला, त्याची बायको, अजून तिथेच बसून होती. माईसाठी सगळे थांबले होते.

"वाट बघतोय ना रे माझी?" माईनं चालता चालता विचारलं.

"बघत होता," यशवंतराव म्हणाले. हमालांच्या आरडाओरड्यात माईला ते नीट ऐकू गेलं नसावं.

"आधी जीव नुसता मुठीत धरून बसले होते," ती सांगू लागली. "मग शेजारचा मुलगा म्हणाला, अम्मा, नीचे देखो. नर्मदामाई दिसली रे! सुतळीएवढी. मी बसल्या जागेवरून हात जोडले. म्हटलं, माझ्या लेकराला उठव."

टॅक्सी मिळाली. यशवंतरावांनी माईला हात धरून आत बसवलं आणि शेजारी बसले. ड्रायव्हरला इस्पितळाचं नाव सांगितलं. आता सांगायलाच हवं होतं.

"माई, ऐक..."

माईनं त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं.

"तू थांब. तिथं गेल्यावर मधेमधे बोलू नकोस हं. विमानाचं सगळं मीच सांगणार त्याला."