नवऱ्याची एकच तपासणी

“बाटली अंगाशी धरा. पिशवीत नको, शर्टाच्या आतल्या खिशात. गार पडता कामा नये, आणि तासाच्या आत इथे पोचली पाहिजे,” लॅबमधल्या बाईंनी बजावलं होतं.

म्हणून चष्मेवाला सकाळीच दादाच्या घरी येऊन बसला होता. त्याचं स्वतःचं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि लॅब दादाच्या घरामागच्या गल्लीत. लॅबमध्ये त्या कामासाठी खोली होती म्हणा, पण भिंतीपलीकडे लोक नंबर लावून बसलेले असताना आपल्याच्याने काही व्हायचं नाही, असं त्याने बायकोला सांगितलं होतं.

“मग दादांकडून जा,” ती म्हणाली होती. “पण जा.”

त्या ‘पण जा’मागे दोन वर्षं होती. तिच्या सगळ्या तपासण्या केव्हाच उरकल्या होत्या. पाळीच्या दुसऱ्या दिवशी रक्त, मग एकामागून एक सोनोग्राफ्या, मग नळ्या मोकळ्या आहेत का ते बघायला आत सोडलेलं औषध. त्या वेळी तिने टेबलाची कड अशी काही धरली की नर्स म्हणाली, “ताई, टेबल नवीन आहे आमचं.” सगळं नॉर्मल निघालं. तरी चष्मेवाल्याची आई आल्यागेल्याला सांगतच राहिली, “सुनेचं काहीतरी चालू आहे दवाखान्यात.” नवऱ्याची तपासणी एकच, तीही न दुखणारी. तेवढी राहिली होती.

तसा चष्मेवाला तपासण्यांना घाबरायचा नाही. दुसऱ्यांच्या. लायसन्ससाठी कुणी तक्त्यावरची अक्षरं पाठ करून त्याच्या चष्म्याच्या दुकानात आलं, तर तो शांतपणे म्हणायचा, “काका, पास तर व्हाल. रस्ता कसा दिसणार?” स्वतःच्या बाबतीत मात्र शाळेतल्या मारामाऱ्यांपासून दुकानाच्या जागामालकाशी भांडण्यापर्यंत सगळं दादाच निस्तरत आला होता.

वहिनी स्वयंपाकघरात डबा भरत होती. दादाचा थोरला दुसरीत होता आणि त्याचा एक मोजा सापडत नव्हता. धाकटी तोच मोजा हाताला घालून त्याच्यासमोर बसली होती. बाथरूमचं दार आतून लागलं. “गीझर चालू करू का?” वहिनीने विचारलं. आतून फक्त नळाचा आवाज आला.

थोड्या वेळाने चष्मेवाला छातीवर हात दाबून गल्लीतून निघाला. समोरून येणाऱ्या ओळखीच्या माणसाने विचारलं, “छातीत दुखतंय का?” त्याने नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरबाईंसमोर बसली.

“शुक्राणू कमी आहेत असं नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “ते नाहीतच.”

बायकोने टेबलाखाली त्याचा हात धरला.

“नमुन्यावरून असं वाटतंय की ते वाहून आणणाऱ्या नळ्या जन्मापासूनच नसाव्यात. यात तुमची काही चूक नाही. सवयी, टेन्शन, कशाचा संबंध नाही.”

चष्मेवाल्याने रिपोर्ट स्वतःकडे ओढून वाचला. मग म्हणाला, “मध्येच कधीतरी झालं असेल हे.”

“होतं काहींना. हे तसं दिसत नाही.”

“म्हणजे आठ वर्षांपूर्वी तपासलं असतं तर?”

“तेव्हाही हेच आलं असतं.” डॉक्टरबाईंचा आवाज मऊ झाला. उशिरा येणारे नवरे हाच प्रश्न विचारत असावेत. “मार्ग आहेत. आधी तुम्हाला नीट तपासते, मग आणखी एक नमुना घेऊ. या वेळी इथेच.”

“बघू,” तो म्हणाला. हा शब्द त्याने लग्नापासून पुरवून पुरवून वापरला होता.

बसस्टॉपवर बायकोने पर्समधून रुमाल काढला, तो स्वतः न वापरता त्याच्या हातात दिला.

“आईंना सांगू नकोस,” ती म्हणाली. “माझ्यातच आहे म्हणू. मला ऐकायची सवय आहे, तुला नाही.”

“तू कशाला...”

“मला वाटायचं, तू घाबरतोस. गेलास ना शेवटी? मला तेवढं पुरे.”

त्याला एक वाक्य बोलायचं होतं. ते ओठांपर्यंत आलं आणि बस आली.

संध्याकाळी दादा आला. धाकटी त्याच्या खांद्यावर झोपली होती. बायको डोळे धुऊन चहा टाकायला आत गेली, तसा दादा खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाला, “काय आलं?”

चष्मेवाल्याने पोरीच्या पायातून निसटत आलेली चप्पल काढून खाली ठेवली. दुसऱ्या पायातलीही काढली. दोन्ही एकमेकींना लागून नीट लावल्या.

“चांगला आला,” तो म्हणाला.

“एकदम?”

“एकदम.”

दादाने पोरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, तिच्या पाठीवर थोपटलं आणि हसला.

“मग तोंड कशाला पाडून बसलायस? अरे, दोन पोरांच्या बापाने बाटली भरून दिली होती तुला. रिपोर्ट वाईट येईलच कसा?”