टबातला मासा

"घरातले पडदे कोणत्या रंगाचे?"

"हिरवे. खाली मातकट पट्टी," राडीम म्हणाला.

इरेनानं समोरच्या टाचणाकडे पाहिलं. अर्ध्या तासापूर्वी शेजारच्या खोलीत त्याच्या बायकोनंही हेच सांगितलं होतं. हिरवे. खाली मातकट पट्टी.

बायकोचं नाव केतेवान. जॉर्जियाहून आलेली, इथे चेक देशातल्या ब्र्नो शहरात एका बेकरीत कामाला. राडीम इथलाच, ट्रामचालक. लग्नाला आठ महिने झालेले. लग्न खरं ठरलं तर केतेवानला निवास परवाना मिळणार होता. कागदापुरतं ठरलं तर तीस दिवसांत देश सोडावा लागणार होता. हे ठरवायचं काम इरेनाचं.

अकरा वर्षं ती या खुर्चीत होती. तिच्या नजरेतून खोटं जोडपं सुटत नाही, असं कचेरीत सगळे कौतुकानं म्हणत. नव्या माणसांना मुद्दाम तिच्या शेजारी बसवत. सध्या तोमाश शिकत होता.

नवराबायकोला बाहेर बाकावर बसायला सांगितल्यावर तो खुशीत म्हणाला, "पस्तीस प्रश्न, पस्तीस उत्तरं जुळली. चोख काम!"

"म्हणूनच खोटं."

"म्हणजे?"

"घरी गेलास की वडलांना विचार, आपले पडदे कोणत्या रंगाचे. ते म्हणतील, आपल्याकडे पडदे आहेत?"

तोमाशला हसू फुटलं. "खरंच की! कमाल आहे हो बाई तुमची."

इरेनानं अर्जावर पेन्सिलीनं 'नामंजूर' लिहिलं आणि दोघांना सांगायला ती उठली. दाराच्या मुठीवर हात ठेवला, तोच बाहेरून आवाज आला.

"चार दिवस झाले, बादलीत पाणी घेऊन अंग पुसतेय मी! आणि टबात तुझा मासा पोहतोय!"

"नाताळला कार्प लागतोच, केतो."

"मग काप ना त्याला!"

"हळू बोल. परवापर्यंत जगू दे की फर्डिनांडला."

"कोण फर्डिनांड? अरे देवा! ताटात वाढायच्या माशाचं बारसं केलंस तू?"

"मी बारसं केलं. आणि चोरून पाव कोण घालतं त्याला? मी पाहिलंय."

मग केतेवानचा आवाज भरून आला. "तर मग नेऊन सोड त्याला नदीत. मला नाही बघवायचं ते."

इरेना दारामागेच उभी राहिली. दाराच्या काचेतून बाहेरचं दिसत होतं. व्हरांड्यात दुसरं कुणी नव्हतं. राडीमनं गळ्यातला मफलर काढला आणि त्याच्या टोकानं बायकोचे डोळे पुसले. मग तोच तिच्या गळ्याभोवती नीट गुंडाळला.

इरेना टेबलाशी परतली. पेन्सिलीचं अक्षर खोडलं आणि मंजुरीचा शिक्का मारला.

तोमाश बघतच राहिला. "अहो, आणि ती पस्तीस उत्तरं?"

"पडदे पाठ करता येतात. असं भांडण पाठ करता येत नाही. लिहून ठेव."

त्यानं खरोखरच वहीत लिहून ठेवलं.

संध्याकाळी इरेना घरी आली, तेव्हा तिचा नवरा बोहुमिल लसणाचं सूप वाढत होता.

"आज खुशीत दिसतेस," तो म्हणाला.

"एक जोडपं आलं होतं. फार गोड. पोरगी काय रडली रे! मला नसतं जमलं."

"कशावरून रडली?"

"टबातल्या माशावरून. फर्डिनांडवरून."

बोहुमिलची पळी हवेतच थांबली.

"अजून फर्डिनांडच?" तो म्हणाला. "तुझ्या परवान्याच्या वेळी त्या शिकवणीवाल्या म्हातारीनं पैसे घेऊन आपल्याकडून ते भांडण घोकून घेतलं, त्याला तेवीस वर्षं झाली. तिनं एव्हाना माशाचं नाव तरी बदलायचं!"