रिद्धपूरची नवी लिपी

अमरावतीच्या प्रज्वलनं रिद्धपूरच्या महंतांना जावास्क्रिप्टात सॉफ्टवेअर करून दिलं होतं. ते पोथीच्या पानांचे फोटो सर्व्हरवर चढवी आणि लॅपटॉपवरचे इमानदारीनं पुसून टाकी. मूळ पोथी तोवर वाळवीनं वाचून संपवली. आज सर्व्हरवरचं पान उघडलं, तर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं! फोटोला मजकूर समजून पाठवताना प्रोग्रामनं न कळलेल्या प्रत्येक जागी मूळ माहिती पुसून प्रश्नचिन्ह ठोकलं होतं. प्रज्वलनं चुकीची ओळ लगेच दुरुस्त केली. आता कुठलाही फोटो बिनचूक चढला असता, फक्त फोटो काढायला पोथी उरली नव्हती. महंतबाबा मात्र पडद्याकडं पाहून हरखले. “आमच्या पूर्वजायनंही पोथ्या अशाच गुप्त लिपीत लिवल्या, राजा! याची किल्ली दे मले, मी वाचतो.” “बाबा, याले किल्ली नाही.” “हरवली काय?” “नाही बाबा, नव्हतीच.” बाबांनी चष्मा काढला. “मंग हे लिवलं कोनासाठी?”