खंडेनवमीचा कुकर

"आमच्या कंपनीचा कुकर आयुष्यात फुटणार नाही," असं छातीठोक सांगून मी नेरूळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सोळाच्या सोळा घरांत कुकर खपवले. कंपनीत पुढच्या शेडमध्ये कुकर बनतो आणि मागच्या शेडमध्ये तोफेचे गोळे. म्हणून खंडेनवमीला मी बायकोला, जयमालाला, गमतीत म्हणालो, "आपलं शस्त्र म्हणजे हाच. पूज याला." तिनं हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. तिचं बघून अख्ख्या बिल्डिंगनं तेच केलं.

दसऱ्याला सकाळी वरणाची शिट्टी झाली. गोळा वरून खाली येताना वाजतो, तशी लांबलचक; अगदी जवळ पडला तर मात्र धप्प ऐकूच येत नाही, असं मागच्या शेडमधले म्हणतात. मग खाडीकडे धप्प झालं.

दुसरी शिट्टी झाली. धप्प स्टेशनकडे.

"तू ऐकलंस?"

"काय? अहो, वरण शिजतंय."

खिडकीबाहेर धूर नव्हता, कुणी पळत नव्हतं. मी गॅस बंद केला. तेवढ्यात वरच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर वाजला आणि धप्प आमच्या गेटपाशी झालं.

आमची सात वर्षांची क्षिप्रा खाली अंगणात सोनं वाटत होती.

मी जिन्यात दारं बडवत सुटलो. "गॅस बंद करा. पाया पडतो."

"सुधीरभाऊ, सणासुदीला उपाशी ठेवता काय?" पहिल्या मजल्यावरच्या अस्मितावहिनी हसल्या. "गॅरंटी तुम्हीच दिलीत ना?"

त्यांच्या किचनमध्ये शिट्टी झाली. मी वाट बघितली. धप्प झालंच नाही.

मी धावत खाली गेलो. अंगणात कुणी नव्हतं. क्षिप्राच्या हातातली आपट्याची पानं अजून वरून खाली पडत होती.