आमचा संप

मुंबईहून आलेल्या सुहासिनीकाकूंनी पिशवीतून डबा काढून एकनाथच्या हातात दिला. अॅल्युमिनियमचा, तीन पुडांचा, कडीपाशी पोचा आलेला.

"तुझ्या बाबांनी पाठवलाय. निघताना एअरपोर्टवर गाठलं रे मला. म्हणाले, हवं तर बॅगेतल्या दोन साड्या काढा, पण हा न्या."

एकनाथने तो डबा कुठेही ओळखला असता. सव्वीस वर्षं हा डबा बाबांबरोबर मुंबईच्या गिरणीत गेला होता. संध्याकाळी रिकामा परत आला की लहानगा एकनाथ झाकण नाकाशी धरायचा. भाकरीचा आणि कापसाचा मिळून एक वास यायचा. त्याने आताही धरलं. आत चिवडा होता आणि चिठ्ठी.

"चि. एकनाथ, तुमच्याकडेही संप झाला हे वाचून वाईट वाटलं. मला गिरणीच्या संपाचा दहा महिन्यांचा अनुभव आहे म्हणून सांगतो. उशिरापर्यंत लोळू नकोस. रोजच्या वेळेला दाढी कर, डबा भर आणि बाहेर पड. मी रोज गिरणीच्या फाटकापर्यंत जातो, समोर बसून जेवतो आणि परत येतो. घरात बसलं की माणूस खचतो. हा डबा तुला राहू दे, मला भाकरी कागदात बांधून चालते. आणि काही झालं तरी फुटू नकोस."

एकनाथने चिठ्ठी पुन्हा पहिल्यापासून वाचली.

अमेरिकेत क्लीव्हलंडला नोकरीला आल्यापासून दर रविवारी तो घरमालक वॉल्टरबरोबर टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल बघायचा. म्हातारा वॉल्टर गावच्या टीमला 'आपली' म्हणायचा, म्हणून हाही म्हणू लागला. सप्टेंबरात खेळाडूंनी संप केला, रविवार ओस पडले, तेव्हा यानं पत्रात मोठ्या ऐटीत लिहिलं, "इथे आमचाही संप चालू आहे. करमत नाही." खुलासा करायचं सुचलंच नाही. परक्या मुलखात काहीतरी आपलं म्हणता आलं, याचंच त्याला कौतुक होतं.

"काकू, बाबांना वाटतंय मीच संपावर आहे."

"मग कळव की खरं काय ते. खेळाचा संप म्हणावं."

खेळाचा. हा शब्द बाबांना कसा लिहायचा, ते एकनाथला कळेना. त्याला स्वतःची लाज वाटली.

खालून वॉल्टरची हाक आली; एकनाथचं त्याने 'एक' करून टाकलं होतं. "एक, कम डाउन. वुई आर बॅक." खेळाडूंचा संप मिटून दोन महिन्यांनी आज पहिला सामना होता.

एकनाथ खाली गेला नाही. त्याने पत्र लिहायला घेतलं. "बाबा, आमचा संप मिटला. उद्यापासून कामावर." सोमवारी पहाटे उठून त्याने दाढी केली आणि डबा भरून ऑफिसला नेला.

तीन आठवड्यांनी बाबांचं उत्तर आलं.

"तुझं पत्र फाटकासमोर सगळ्यांना वाचून दाखवलं. प्रत्येकाच्या हातावर चिमूटभर साखर ठेवली. म्हटलं, तोंड गोड करा, आपला एक संप तरी मिटला."