ऐंशी टक्के

टेकडीपलीकडची वस्ती तक्त्यात नव्हतीच. डिझाइनच्या मॅडमनी तक्ता वरून खाली वाचला, मग बोट ठेवून खालून वर वाचला. शहरातली एकूण एक सोसायटी त्यात होती. अजून पायासुद्धा न खणलेला मॉल होता. मैलापाणी शुद्ध करणारं नवं केंद्र किती मोठं बांधायचं ते याच तक्त्यावरून ठरणार होतं, आणि तक्त्याखाली मॅडमची सही हवी होती. खाली मंडप घातला होता, फोटोवाले येऊन बसले होते.

"साहेब, वस्ती राहिली यात," मॅडम म्हणाल्या.

मोठ्या साहेबांनी सल्लागाराकडे पाहिलं. सल्लागार गोड हसला. त्याला हसण्याचेच पैसे जास्त मिळत असावेत.

"राहिली नाही मॅडम, ती पद्धतीत बसत नाही. आपण जितकं पाणी देतो, त्याच्या ऐंशी टक्के मैलापाणी म्हणून परत येतं. त्या वस्तीला नळच नाहीत. आपण देत काहीच नाही, तर परत काय येणार?"

टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. हे ऐकून ज्याच्या तळपायाची आग मस्तकात जात नाही, त्याने खुशाल शहरं आखावीत.

"परत काय येणार?" मॅडमचा आवाज चढला. "माणसं राहतात तिथे. जेवतात, आंघोळ करतात, बाकीचंही सगळं करतात. पाणी नळाचं की टँकरचं, हे पोटाला कळतं का?"

"वस्ती अनधिकृत आहे," साहेब म्हणाले.

"घरं असतील अनधिकृत, साहेब. पोटं नाहीत."

कोणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. मॅडमना हसू येत नव्हतं. शहराची मोठी वाहिनी त्या वस्तीखालूनच केंद्रात जाणार होती. केंद्र लहान पडलं, तर तुंबलेलं पाणी टेकडी चढून सोसायट्यांत जाणार नव्हतं. ते सगळ्यात सखल दार शोधणार होतं, आणि वस्तीतलं सगळ्यात सखल दार मॅडमच्या ताईचं होतं. आताच्या लहान गटाराचं पाणी परवा मोरीतून उलटं वर आलं, तेव्हा ताईने सासूबाईंना उचलून ओट्यावर बसवलं होतं. पिठाचा डबा तेवढा वाचवता आला नाही. "तुझ्या ऑफिसात सांग गं एकदा," एवढंच ती म्हणाली होती.

"मॅडम, मनाला लावून घेऊ नका," साहेब समजुतीने म्हणाले. "वस्ती धरली तर केंद्र दीडपट होतं, सगळे नकाशे बदलावे लागतात. आज घोषणा आहे. पुढच्या टप्प्यात बघू."

पुढचा टप्पा! या शहरात पुढच्या टप्प्याची वाट बघत माणसं म्हातारी झाली होती. मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

तेवढ्यात दार ढकलून शिपाई आत आला. "साहेब, टँकर आलाय. पुढून घेऊ का?"

"मागून घे. पुढे फोटोवाले आहेत."

शिपाई गेला. ही नवी इमारत वापरात येऊन वर्ष होत आलं होतं, तरी तिला नळजोडणी मिळाली नव्हती. जोडणी देणारं खातं याच इमारतीत तळमजल्यावर होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. सगळ्यांना ते माहीत होतं आणि कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

साहेब उठले. त्यांना साखरेचा त्रास होता, बैठक लांबली की मध्ये उठावंच लागे. मजल्यावरची बाकीची स्वच्छतागृहं पाण्यावाचून सकाळपासून बंद होती. अधिकाऱ्यांचं तेवढं भरून ठेवलेल्या पिंपावर चालू होतं; त्याला कुलूप असे, आणि किल्ली या खोलीच्या दाराशेजारच्या खिळ्यावर.

मॅडम दाराजवळच बसल्या होत्या. त्या उठल्या, किल्ली काढली आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकून चेन लावली.

"हे काय?" साहेब जागच्या जागी थांबले.

"या इमारतीला नळ नाही, साहेब. पद्धतीप्रमाणे इथून काही परत येत नाही. मग तुम्ही जाता कशाला?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते आता काय बोलतील या भीतीने सल्लागार घाईघाईने पुढे झाला.

"तसं नाही मॅडम, टँकरचं पाणीसुद्धा धरता येतं. तशी सोय आहे आपल्या पद्धतीत."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्याने जीभ चावली, पण ती चावायला उशीर झाला होता.

"आहे ना सोय?" मॅडम म्हणाल्या. "मग धरा. तिकडेही टँकरच जातो."

"मॅडम, किल्ली द्या," साहेब दात आवळून म्हणाले. "याचा परिणाम काय होईल, कल्पना आहे तुम्हाला?"

"आहे. नोकरी जाईल. आधी मोजा साहेब, मग जा."

खाली कोणीतरी माइक ठोकून पाहत होतं. साहेबांनी पर्सकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग सल्लागाराकडे इतक्या रागाने पाहिलं की त्याने मान खाली घातली. ते खुर्चीच्या कडेवर अलगद टेकले आणि गुडघ्याला गुडघा घट्ट लावून त्यांनी तक्ता पुढे ओढला.

"त्या वस्तीत," त्यांनी विचारलं, "घरं किती आहेत?"