संत्र्याचं औषध

कालपर्यंत पालकाच्या भाजीसारखं हिरवंगार असलेलं मागच्या अंगणातलं टाकं आज दुपारी तळापर्यंत लख्ख दिसत होतं. जयवंता कमरेवर हात ठेवून बघतच राहिली.

“मामाजी, हे कसं झालं जी?”

“होते तसंच,” सासरे रुपराव मिशीत हसले. किती दिवसांनी कुणीतरी त्यांना काहीतरी कौतुकानं विचारलं होतं!

तीन आठवडे सूनबाई काथ्यानं टाक्याच्या भिंती घासत होती. आज शेवाळ काढावं, तर उद्या पाणी पुन्हा हिरवं. वासही सुटला होता. रविवारपर्यंत निवळलं नाही तर टाकं मातीनं बुजवतो, असं विश्वनाथनं तिला, म्हणजे आपल्या बायकोला, बजावलं होतं. टाक्यात पाच लाल मासे होते. तिच्या वडिलांनी ते डब्यात घालून एसटीनं आणून दिले होते, आणि पौषात वडील वारले. कणकेच्या गोळ्या टाकताना ती त्या माशांशी बोलायची, हे रुपरावांनी ऐकलं होतं.

म्हणून काल ती बाजारात गेल्यावर त्यांनी टाक्यात मोरचूद टाकला. चाळीस वर्षं काटोलकडच्या बागेत संत्र्याच्या खोडांना मोरचूद आणि चुना लावलेला माणूस तो! जे औषध झाडावरची बुरशी मारतं, ते पाण्यातल्या शेवाळाला सोडेल होय? दोन मुठी टाकला. कुणाला सांगितलं मात्र नाही. महिन्यापूर्वी मोगरा छाटता छाटता त्यांनी तो पार बुडापासून खरडला, तेव्हाच विश्वनाथ म्हणाला होता, “बाबा, आता घरातल्या कशालेही हात लावला तं सीधं गावी, दादाकडं.” दादाकडे, म्हणजे थोरल्या मुलाकडे, त्यांची खाट गोठ्याच्या पडवीत पडायची.

“मामाजी, हे काहून असं करून राहिले?”

पाचही मासे वर आले होते. तोंडं पाण्याबाहेर काढून धापा टाकत होते. एक तर आडवाच तरंगत होता.

“उन्हानं असन,” तिनंच उत्तर दिलं आणि पळत जाऊन ओलं पोतं आणलं. टाक्यावर दोन बांबू टाकून ती ते पसरू लागली. “आता थंडावा भेटन त्याहिले.”

हे आपल्या मोरचुदानंच, रुपरावांनी ओळखलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! गप्प राहिलं तर कुणाला काय कळणार होतं? नागपूरचं मे महिन्याचं ऊन, मेले म्हणावं उन्हानं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आडव्या झालेल्या माशाचं पांढरं पोट आता वर आलं होतं, आणि दुसराही कलंडत होता.

“सूनबाई, पोतं काढ.”

“काहून?”

“ऊन नाही ते. मी मोरचूद टाकला काल.”

“किती?”

“दोन मुठी.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती धावत त्यांच्या खोलीकडे गेली. कूलरच्या मागची जाळी तिनं एका हिसक्यात काढली. “ह्याची टाकी सकाळीच भरली हाय. आना त्याहिले लवकर!” जुन्या लुगड्याच्या झोळीत दोघांनी एकेक मासा उचलला. रुपरावांच्या हातून एक मासा दोनदा निसटला. तीन वाचले. दोन गेले.

संध्याकाळी विश्वनाथ जेवायला बसला. “बाबाच्या खोलीतला कूलर बंद काहून हाय?”

“मासे ठेवले त्यात,” जयवंता तव्याकडे बघत म्हणाली. “टाक्यातलं पानी लय तापलं होतं. दोन मेले.”

रुपरावांचा घास तोंडातच राहिला. तिनं पांघरूण घातलं होतं. आता फक्त जेवायचं होतं. पण ते काही त्यांच्यानं गिळवेना.

“पानी नाही तापलं गा. मी औषध टाकलं. मी मारले ते.”

विश्वनाथनं हातातला पेला खाली ठेवला. “बाबा, मी तुमाले म्हटलं होतं का नाही?”

“म्हटलं होतं. सकाळच्या एसटीनं जातो मी.”

जयवंतानं तव्यावरची भाकर उचलली आणि न विचारताच सासऱ्यांच्या ताटात वाढली.

“कसे जासान?” तिचा आवाज चिरका झाला होता. “टाकं उपसाचं हाय, घासाचं हाय, नवं पानी भराचं हाय. माह्या बापाचे तीन मासे तुमच्या कूलरमधी हायेत. ते टाक्यात जाईपर्यंत ह्या घरातून कोनी कोठी जात नाही.”